घडीव वेज: आधी तळ आखा, मग पोलाद निवडा

माझ्या पहिल्या घडीव वेजचा (वेज म्हणजे जवळचे, उंच फटके मारायचा गोल्फ क्लब) निकाल एका कॅडीने चार शब्दांत लावला. एप्रिल संपत आला होता, पुण्यातल्या कोर्सचे फेअरवे तापून टणक झाले होते. वेज दिसायला देखणा होता. पाठ आरशासारखी, फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, मशीनवर कोरलेला, एकदा हातात घेतला की खाली ठेवावासा वाटेना. ३५ यार्डांवरून तीन चेंडू मारले आणि तिन्ही ग्रीन (भोकाभोवतीची कातरलेली हिरवळ) ओलांडून पलीकडच्या उतारावर गेले. कॅडीने वेज उलटा केला, तळावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "साहेब, हा टप्पा घेतोय."

बरोबर होतं त्याचं. तळ जमिनीवर आपटून उसळत होता आणि पुढची धार चेंडूच्या पोटात बसत होती. सहा महिने मी पोलाद, डाय (घडाईचे साचे) आणि फेस यांच्या मागे घालवले होते. तळाला दिले होते दोन दिवस. पेशाने मी फोर्जिंगच्या, म्हणजे घडाईच्या, डाय आखणारा माणूस, गाड्यांचे कनेक्टिंग रॉड आणि गिअर घडवण्यात उमेदीची वर्षं गेलेली, त्यामुळे घडाईवर अवाजवी विश्वास. खाली जे लिहिलंय ते त्या चुकीच्या उलट्या क्रमाने आहे. ज्यांना स्वतः नमुना करून पाहायचाय त्यांच्यासाठी तर आहेच, पण भारी किमतीचा घडीव वेज विकत घेण्याआधी काय पाहायचं हे कळायलाही उपयोगी पडेल.

घडीव म्हणजे नेमकं काय मिळतं

घडीव आयर्न (धातूच्या हेडचे क्लब, वेज त्यांतलाच) म्हटलं की जपानचं नाव निघतं. ह्योगो प्रांतातल्या हिमेजीजवळचं इचिकावा हे तिथल्या घडीव आयर्नचं माहेर मानतात. कात्सुहिरो मिउरा यांची मिउरा कंपनी हिमेजीचीच. निइगाता प्रांतातलं त्सुबामे हे धातुकामाचं गाव, तिथे एन्डो. मिझुनोचे घडीव आयर्न हिरोशिमातल्या चुओ कारखान्यातून येतात. या नावांचा दबदबा योग्यच आहे.

पण दुसरी बाजूही डोळ्यांपुढे ठेवा. अमेरिकेच्या पीजीए टूरवर वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त दिसणारे, बॉब व्होकी यांच्या नावाचे टायटलिस्ट वेज ओतीव आहेत, ८६२० कार्बन पोलादाचे. म्हणजे घडाई ही काही चांगल्या वेजची अट नव्हे. घडाईने मिळतात त्या गोष्टी साध्या आहेत: आतली पोकळी दाबली जाऊन घट्ट झालेलं पोलाद, होझलपासून (शाफ्ट बसतो ती नळी) टोपर्यंत (हेडचं पलीकडचं टोक) सलग वाहणारे कण आणि लॉफ्ट (फेसचा कल) व लाय (शाफ्टचा जमिनीशी कोन) बदलायला वाकवताना न कुरकुरणारं मऊ होझल. हाताला जाणवणारा तो सुप्रसिद्ध "लोण्यासारखा" स्पर्श बराचसा आवाजाचा खेळ आहे असं माझं मत आहे. कानात बोळे घालून दोन वेज मारून पाहा, म्हणजे आत्मविश्वास डळमळेल.

कामाचा कागद

संगणकावर कॅडमध्ये आराखडा उघडण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहा: हा वेज कोणासाठी, कोणत्या जमिनीवर, कोणत्या फटक्यांसाठी आणि भात्यातल्या कोणत्या दोन क्लबांच्या मधला. भात्यात १४ क्लबांची मर्यादा असते, त्यामुळे प्रत्येक वेजला आपली जागा कमवावी लागते. हल्लीच्या बऱ्याच सेटमधला पिचिंग वेज ४४ ते ४६ अंशांचा असतो. त्याखाली ५०, ५४, ५८ किंवा ५२, ५६, ६० अशी चार-चार अंशांची उतरंड बहुतेकांना चालते. मी इथून पुढे ५६ अंशांचा एकच वेज धरून बोलतो. पहिल्याच फेरीत तीन लॉफ्ट करायला घेऊ नका, चुका तिप्पट होतात.

खेळाडूचा स्विंग दोनच शब्दांत लिहा: खणणारा की झाडणारा. खणणारा वरून तिरपा येतो आणि मोठा डिव्हट (मातीसकट गवताची खपली) काढतो. झाडणारा गवत जेमतेम ओरबाडतो. बाकी तपशील नंतर.

तळ

१९३२ साली अमेरिकी गोल्फपटू जीन साराझेनने केंटमधल्या प्रिन्सेसच्या कोर्सवर ब्रिटिश ओपन जिंकलं, तेव्हा त्याच्या भात्यात त्याने स्वतः घडवलेला सॅण्ड वेज होता. उद्योगपती हॉवर्ड ह्यूजबरोबर विमानात असताना शेपूट खाली गेलं की नाक वर उठतं हे त्याने पाहिलं आणि फ्लोरिडातल्या घरी परतल्यावर निब्लिकच्या (वेजसारखा जुना क्लब) तळाला मागच्या बाजूने शिसं डागून चढवलं. मागची कड पुढच्या धारेपेक्षा खाली आली आणि वाळूत रुतणारा क्लब वाळूवरून सरकू लागला. आजचा बाऊन्स तो हाच. त्याआधी फेसच खोलगट करून वाळूतून चेंडू उचलण्याचा प्रयोग झाला होता. तो क्लब १९३१ मध्ये नियमबाह्य ठरला. उत्तर फेसमध्ये शोधणारे चुकले, तळात शोधणारा जिंकला. माझी चूक ९० वर्षं जुनी होती म्हणायची.

बाऊन्सचा कोन म्हणजे शाफ्ट सरळ उभा असताना पुढच्या धारेपासून मागे जाणारा तळ जमिनीशी जो कोन करतो तो. ४ ते ६ अंश कमी, ७ ते १० मध्यम, त्यापुढे जास्त. दुकानात एवढंच सांगतात, आणि तिथेच फसायला होतं, कारण कोनाला रुंदी जोडल्याशिवाय त्याला अर्थ नाही. गणित करा: १० अंशांचा सपाट तळ २० मिलिमीटर रुंद असेल, तर मागची कड धारेपेक्षा सुमारे ३.५ मिलिमीटर खाली येते. तोच १० अंशांचा तळ १४ मिलिमीटरचा असेल तर फक्त २.४ मिलिमीटर. आकडा एकच कोरलेला, वागणं मात्र दोन वेगळ्या क्लबांचं. माझा पहिला वेज १४ अंश आणि २३ मिलिमीटर होता, म्हणजे साडेपाच मिलिमीटरची उचल. उन्हाळ्यातल्या मुरुमावर तो टप्पा घेणार नाही तर काय करणार!

दुसरी गोष्ट खेळाडूच्या हातांची. हात चेंडूच्या पुढे नेऊन शाफ्ट ५ अंश झुकवला, की लॉफ्ट आणि बाऊन्स दोन्ही ५ अंशांनी घटतात. फेस उघडला की बाऊन्स वाढतो आणि धार वर उचलली जाते. म्हणून तळ एका सपाट पट्टीसारखा ठेवत नाहीत. त्याला आडवा आणि उभा बाक देतात आणि तीन ठिकाणी कापतात: टाचेकडे (होझलच्या बाजूला), टोच्या बाजूला आणि मागच्या कडेला. टाच कापली की फेस उघडला तरी धार जमिनीजवळ राहते. मागची कड कापली की बाऊन्सचा कोन आहे तेवढाच राहतो, पण मातीतून बाहेर पडताना ओढ कमी लागते. पुढच्या धारेलाही एक-दोन मिलिमीटरची गोलाई हवी, नाहीतर खणणाऱ्याच्या हातात ती कुदळ होते.

हे सगळं पडद्यावर ठरत नाही. मी आता असं करतो: जुने, कार्बन पोलादाचे चार-पाच ओतीव वेज स्वस्तात घेतो (स्टेनलेसचे नकोत, त्यांवर काम जड जातं). तळावरचा क्रोमचा मुलामा तोंडाला मास्क लावून आधी पूर्ण घासून काढतो. क्रोमवर जाळ धरायचा नाही, तो धूर वाईट. मग गॅस वेल्डरकडून पितळेचं ब्रेझिंग करून तळाला भर घालतो आणि कानशीने हवा तो आकार उतरवतो. दिसायला ओंगळ, पण एका दुपारी तीन तळ तयार होतात. प्रत्येकावर रंगाने क्रमांक घालून कोर्सवर नेतो. साराझेनने शिसं डागलं, आपण पितळ, एवढाच फरक.

तपासायची रीतही सोपी. गवतावर चुन्याची सरळ रेघ मारा. चेंडू न ठेवता रेघेवर वीस स्विंग करा आणि खपल्या कुठे सुरू होतात, किती लांब, किती खोल ते पट्टीने मोजा. तळावर जाड मार्करने काळं करून पुढचे पाच फटके मारा. शाई जिथे पुसली तिथे तळ खरोखर टेकतो. माझ्या पहिल्या वेजची शाई फक्त मागच्या एक तृतीयांश भागावर पुसली होती. कॅडीचा अंगठा तिथेच थांबला होता.

या टप्प्यावर घाई करू नका. मी सरासरी सात-आठ तळ टाकून देतो. शेवटी जो पसंत पडेल त्याच्या तीन आडव्या छेदांच्या, म्हणजे टाच, मध्य आणि टो, पत्र्याच्या टेम्प्लेट कापून ठेवा. पुढे प्रत्येक हेड याच टेम्प्लेटला लावून पाहायचंय.

वजन आणि गुरुत्वमध्य

५६ अंशांच्या हेडचं वजन साधारण ३०० ते ३०५ ग्रॅम, लांबी ३५ ते ३५.२५ इंच, लाय ६४ अंशांच्या आसपास, स्विंगवेट (स्विंग करताना हेड किती जड वाटतं त्याचं माप) डी३ ते डी५. हेडमध्ये २ ग्रॅम इकडेतिकडे झाले की स्विंगवेट साधारण एका अंकाने हलतं. हा हिशेब डोक्यात पक्का हवा, कारण घासकामात ग्रॅम फार चटकन जातात. पोलादाची घनता ७.८५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, म्हणजे एक ग्रॅम म्हणजे १२७ घन मिलिमीटर. फेसचं क्षेत्रफळ २,५०० चौरस मिलिमीटर धरलं आणि नुसता ०.१ मिलिमीटरचा थर उडवला तरी २ ग्रॅम गेले. म्हणून घडाईतून आलेलं हेड मी १२ ते १५ ग्रॅम जड ठेवतो.

गुरुत्वमध्याचं एवढंच सांगतो. वेजवर चेंडू फेसच्या वरच्या भागाला लागला तर तो उंच, मऊ आणि आखूड जातो, फिरकी उतरते. पाठीच्या वरच्या भागात थोडं जास्त पोलाद ठेवलं की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि हा दोष कमी होतो. सर्वात जास्त लॉफ्टच्या लॉब वेजमध्ये हे जास्त, पिचिंग वेजमध्ये कमी. टंगस्टन वगैरे घुसडण्याच्या भानगडीत पहिल्या तीन वर्षांत तरी पडू नका.

पोलाद, डाय, घडाई

इथे मी घरच्या मैदानावर आहे, पण आवरतं घेतो. जपानी एस२०सी किंवा एस२५सी, अमेरिकी मोजणीत १०२० किंवा १०२५. कार्बन अनुक्रमे ०.२० आणि ०.२५ टक्क्यांच्या आसपास. दोन्हीतला फरक हाताला कळतो म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही. एस२०सी वाकवायला सोपं, एस२५सी धार थोडी जास्त टिकवतं. सळईबरोबर पोलाद कारखान्याचं प्रमाणपत्र मागा आणि तरीही एक तुकडा स्वतः तपासून घ्या.

२५ मिलिमीटर गोल सळईचा १३० मिलिमीटरचा तुकडा सुमारे ५०० ग्रॅमचा होतो. ३०० ग्रॅमच्या हेडसाठी एवढं कशाला, असं वाटेल. पण डायच्या खोबणीतून बाहेर सांडणारं फ्लॅश, ऑक्साइडची पपडी आणि घासकाम यांत बाकीचं जातं. डाय एच१३ पोलादाची, कडकपणा रॉकवेल सी ४४ ते ४८. गरम पोलाद निवताना आक्रसतं म्हणून खोबण दीड टक्का मोठी कोरायची: १०० मिलिमीटरच्या जागी १०१.५. बाजूंना ५ ते ७ अंशांचा ढाळ, नाहीतर तुकडा डायमधून सुटत नाही.

क्रम असा: सळई १,२०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून होझलपाशी वाकवायची, पहिल्या डायमध्ये ओबडधोबड आकार द्यायचा, फ्लॅश कापायचा, पुन्हा जरा कमी तापवून दुसऱ्या डायमध्ये नेमका आकार, पुन्हा फ्लॅश कापणं, मग शॉट ब्लास्ट करून, म्हणजे बारीक छर्‍यांचा मारा करून, पपडी उडवणं. नंतर ९०० ते ९२५ अंशांवर नॉर्मलायझिंग, म्हणजे कण एकसारखे होतात आणि कडकपणा रॉकवेल बी ७० ते ७५ मध्ये येतो. भट्टीत तुकडे रेंगाळू देऊ नका. पृष्ठभागातला कार्बन जळून जातो आणि फेस हवा त्यापेक्षा मऊ पडतो. पहिल्या खेपेतलं एक हेड लांबीच्या दिशेने कापा, घासून आम्लाने कोरा आणि भिंगाखाली कणांच्या रेषा पाहा. होझलच्या वळणावर त्या दुमडलेल्या दिसल्या तर डायमधली गोलाई वाढवा. एक हेड वाया गेल्याचं दुःख करू नका.

आता एक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा उमगली. वेज डायमध्ये आडवा पडलेला असतो, त्यामुळे दोन डायच्या सांध्याची रेघ वरची कड, टो आणि तळ यांवरून फिरते. फ्लॅश सुटतो तो तळावरून! म्हणजे घडीव वेजचा सगळ्यात महत्त्वाचा भाग डायमधून तयार बाहेर येतच नाही. तो घासणाऱ्याच्या पट्ट्यावर जन्माला येतो. फोर्जिंगचा टनेज, प्रेसचं नाव, देश यांची जाहिरात वाचताना हे लक्षात असू द्या. काही कंपन्या आता तळही सीएनसीवर कोरतात ते याचसाठी.

फेस आणि ग्रूव्ह

१ जानेवारी २०१० पासून यूएसजीए आणि आर अँड ए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांचे ग्रूव्हचे, म्हणजे फेसवरच्या खाचांचे, नियम कडक झाले.  खाचेची रुंदी ०.९ मिलिमीटरपर्यंत, खोली ०.५०८ मिलिमीटरपर्यंत. दोन खाचांच्या कडांमधलं अंतर किमान रुंदीच्या तिप्पट, आणि १.९०५ मिलिमीटरहून कमी नाही. २५ अंश आणि त्यापुढच्या लॉफ्टला कडांची गोलाई किमान ०.२५४ मिलिमीटर. आणि नवखे जिथे अडकतात ती अट: खाचेच्या छेदाचं क्षेत्रफळ भागिले (खाचेची रुंदी अधिक अंतर), हे ०.०७६२ च्या वर जाता कामा नये.

एक उदाहरण सोडवू. रुंदी ०.७५, खोली ०.४२, भिंतींना २० अंशांचा उतार. तळाशी रुंदी उरते ०.४४, म्हणून क्षेत्रफळ साधारण ०.२५ चौरस मिलिमीटर. खाचा दर ३.५ मिलिमीटरवर (रुंदी अधिक अंतर) मारल्या तर भागाकार ०.०७१६, पास. फेसवर एखादी खाच जास्त बसावी म्हणून त्याच खाचा ३.२ मिलिमीटरवर आणल्या तर ०.०७८३, नापास. मजा अशी की रुंदी, खोली आणि अंतर तिन्ही अटी तेव्हाही पाळलेल्या असतात. वर्गातला हुशार मुलगा एका तोंडी परीक्षेत नापास व्हावा तसं.

मर्यादेला चिकटून आकडे ठेवू नका. कटर झिजतो. ०.०७० च्या आसपास लक्ष्य ठेवलं तर झोप लागते. फेसचा खडबडीतपणाही मोजायचा, मर्यादा ४.५७ मायक्रॉन. आणि खाचांवर फार भिस्त नको. कोरड्या, स्वच्छ जागेवरून फिरकी मुख्यतः चेंडूचं युरेथेनचं आवरण, फेसचं घर्षण आणि स्विंग यांतून येते. खाचांचं खरं काम पाणी आणि गवताचा रस वाट काढून बाजूला करणं. गाडीच्या टायरची नक्षी पावसाळ्यातच आठवते ना, तसंच.

घासकाम, मुलामा, जुळवणी

घासायच्या आधी लॉफ्ट आणि लाय सरळ करून घ्या. उलट केलं तर मेहनत पाण्यात, कारण ५६ चा वेज ५४ वर आणला की बाऊन्सही दोन अंशांनी कमी होतो. पट्ट्यावर एका वेळी तळाचा एकच भाग घ्यायचा आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी टेम्प्लेट लावून उजेडासमोर धरायचं. फट कागदाइतकी दिसली तर थांबायचं. चांगला कारागीर हे डोळे मिटून करतो असं सांगतात. मी पाहिलेले सगळे चांगले कारागीर टेम्प्लेट वापरणारे होते.

मुलाम्यात निकेलवर पातळ क्रोम हा रुळलेला मार्ग. २० मायक्रॉनचा थर खाचेच्या दोन्ही भिंतींवर बसला की रुंदी ४० मायक्रॉनने घटते, कडेची गोलाई बदलते. म्हणून मापं नेहमी मुलाम्यानंतरची धरा. बरेच जण फेस झाकून बाकी अंगालाच मुलामा देतात. बिनमुलाम्याचा कच्चा वेज गंजतो, खेळाडूंना तो रंग आवडतो, चकाकी डोळ्यांत जात नाही. पण गंजामुळे फिरकी वाढते ही समजूत सोडून द्या. मुंबई-गोव्याच्या खाऱ्या हवेत कच्चा वेज आठवड्यात तपकिरी होतो, गिऱ्हाइकाला हे आधी सांगावं म्हणजे फोन येत नाहीत.

टेबलावरची तपासणी

प्रत्येक हेडचं वजन, लॉफ्ट, लाय, बाऊन्स, तळाची रुंदी आणि होझलचं छिद्र एका कार्डावर लिहा. मी वजनाला अधिक-उणे १ ग्रॅम आणि कोनांना अर्धा अंश एवढीच सूट देतो. खाचांचा छेद कंटूर ट्रेसरवर (आकाराची रेघ काढणारं यंत्र) काढून घ्या. स्वतःकडे नसला तर औद्योगिक वसाहतीतल्या मेट्रॉलॉजी (मोजमापाच्या) लॅबमध्ये तासावर मिळतो. मुलाम्याचा नमुना मिठाच्या फवाऱ्यात ठेवा, ५ टक्के मीठ, ३५ अंश तापमान. शेवटी एक होझल ३ अंश वाकवून परत आणा, तीनदा. पांढरी रेघ किंवा तडा दिसला तर खेप अडवा.

चाचणी: चटईवर नव्हे

यंत्रमानवाचा उपयोग हेडांमधला फरक शोधायला होतो. बायरन नेल्सनच्या स्विंगवरून बेतलेला "आयर्न बायरन" त्यातला नावाजलेला. एकच वेग, एकच कोन, फेसवरच्या पाच ठिकाणी दहा-दहा चेंडू. पण यंत्र जमिनीला लागत नाही, म्हणजे तळाबद्दल ते मुकं. बंदिस्त जागेतली चटई तर चक्क खोटं बोलते. क्लब चेंडूआधी दोन इंच आपटला तरी चटईवरून घसरून चेंडू बरा जातो, आणि जास्त बाऊन्सचा वेज तिथे हटकून जिंकतो. दुकानातल्या सिम्युलेटरवर वेज निवडणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

माणसांवरची चाचणी अशी लावा. दोन खणणारे, दोन झाडणारे. हेडांवरच्या खुणा टेपने झाकलेल्या, शाफ्ट आणि ग्रिप सारखे, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. चेंडू एकाच जातीचे, युरेथेन आवरणाचे, दर दहा फटक्यांनी बदललेले. तुलनेला बाजारातला एक नावाजलेला वेज त्याच टेपखाली ठेवा, त्याशिवाय आपण कुठे आहोत कळत नाही. प्रत्येकाने तीन फटके मारायचे: पूर्ण स्विंग, ५० यार्ड आणि उघड्या फेसने बंकरमधून.

लॉन्च मॉनिटरवर (चेंडूचा वेग, कोन, फिरकी मोजणारं यंत्र) आकडे पाहताना पाय जमिनीवर ठेवा. असं यंत्र बनवणाऱ्या ट्रॅकमनच्या आधीच्या मोजणीत पीजीए टूरवरच्या पुरुषांचा पिचिंग वेज हवेतून सरासरी १३६ यार्ड जायचा, फिरकी ९,३०० आरपीएमच्या आसपास. तुमच्या चाचणीतला क्लब-सदस्य तिथे पोचला नाही तर दोष वेजचा नाही. आणि सरासरीला भुलू नका. दहा-दहा फटक्यांत एका वेजची फिरकी दुसऱ्यापेक्षा २०० ने जास्त आली, पण प्रत्येकाचा स्वतःचा पसारा ४०० चा असेल, तर तो फरक नशिबाचाही असू शकतो. मी सरासरीआधी पसाराच पाहतो. ५० यार्डांवर दहा चेंडू किती यार्डांच्या पट्टीत पडले? खेळाडूला गुण तिथून मिळतात.

ओली चाचणी वेगळी करा. फेसवर आणि चेंडूवर फवारणीच्या बाटलीने पाणी मारून लगेच फटका. सगळ्याच वेजांची फिरकी घसरते आणि चेंडू जास्त कोनात उडतो. प्रश्न किती घसरते एवढाच. पहाटेच्या दवातला वेज आणि दुपारचा वेज एकच आहे का, हे यातून कळतं. तीस-चाळीस बंकर फटक्यांनंतर खाचांचा छेद पुन्हा काढा. वाळू कडा खाते, आणि किती खाते हे मापाशिवाय दिसत नाही.

नमुना पक्का झाला की स्पर्धेत वापरता यावा म्हणून आर अँड ए कडे पाठवायचा. भारत त्यांच्याच कक्षेत येतो. पाठवताना खाचांच्या मर्यादेला सर्वात जवळ गेलेलं हेड निवडा. सर्वात सुबक निवडलं तर आपण स्वतःलाच फसवतो.

राहिला ऋतू. महाराष्ट्रात वेज तपासायचा तर दोनदा तपासावा लागतो, एकदा मेमध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये. माझ्या दुसऱ्या आवृत्तीचा तळ ८ अंश, १८ मिलिमीटर आणि मागची कड कापलेली. मेमध्ये तो अलगद सरकला. कॅडीने तळावर पुन्हा अंगठा फिरवला, मान हलवली, काही बोलला नाही. ऑगस्टमध्ये सात दिवसांच्या पावसानंतर तोच वेज घेऊन गेलो, तर पहिल्याच फटक्यात हाताएवढी ढेकूळ चेंडूच्या पुढे जाऊन पडली. तो हसत ढेकूळ परत खड्ड्यात बसवायला वाकला. त्या संध्याकाळी मी १२ अंशांच्या दुसऱ्या तळासाठी पत्रा कापायला घेतला.